डोक्याचं तेल

आमची सून राखी डोक्यावर पदर घ्यायची नाही, एवढं एक मला कधीच पटलं नाही. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण सासरा समोर बसलेला असला तरी हिचं डोकं उघडं ते उघडंच. मग तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला सलाईनमधून औषध सुरू झालं, अन् दुसऱ्या खेपेहून ती घरी आली ती पदर घेऊनच. चुलीपुढं घामानं निथळली तरी पदर हलला नाही. मी म्हटलं, दुखण्यानं का होईना, अक्कल आली. मानोऱ्याच्या बाजारात चार बायांपाशी मिरवलंही.

आमच्या घरी रविवारी बायांच्या डोक्याला मीच तेल लावते. ही मात्र काहीतरी काम काढून सटकायची. आज हात धरून ओट्यावर बसवलं.

"नोका ना आई, राहू द्या."

"काहून? सासूचा हातही चालत नाही काय आता तुले?"

ओढाताणीत पदर खाली आला. औषधानं एक केस ठेवला नव्हता. उलट्या होतील, तोंड येईल, एवढंच मला सांगितलं होतं. केस गेल्याचं तिनं कोणाला सांगू दिलं नव्हतं. दोन्ही हातांनी डोकं झाकून ती रडायला लागली.

"आता कायले लावता? केसच नाहीत."

मी तिचे हात खाली केले अन् वाटीतलं तेल तळव्यावर घेतलं.

"तेल डोक्याले लागते पोरी, केसाले नाही. सरळ बैस. अन् घरात पुन्हा पदर घेशीन तं याद राख."