आधी प्लास्टर, मग पाय

अकरा दिवस झाले, द्वारकाबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. लकव्याने उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, "वाचा परत येऊ शकते. बोलतं करा त्यांना, पण लवकर." नवऱ्याने, तातेरावांनी, काय करायचं बाकी ठेवलं? शेताचं काढलं, जावयाचं काढलं, मेलेल्या म्हशीचंसुद्धा काढून पाहिलं. बाई आपली छताकडे बघत पडून. जिच्या तोंडाला लागायची उभ्या पुसेगावात कुणाची टाप नव्हती, तिची ही मुकी नजर त्यांना सोसवत नव्हती.

दुपारी नात वैष्णवी दवाखान्यात आली आणि मोबाइलवर एक जुना पिच्चर लावून तिने आजीपुढे धरला. तातेराव वाकून बघायला लागले आणि बघतच राहिले. तोच तो दवाखान्यातला धिंगाणा. लठ्ठ डॉक्टर, काटकुळा कंपाउंडर, आणि जिन्यावरून पेशंटसकट सुटलेलं स्ट्रेचर.

बेचाळीस वर्षांपूर्वी तातेराव टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर होते. जत्रेच्या तंबूत हा पिच्चर त्यांनी चार हंगाम चालवला. नवी नवरी द्वारका बायकांच्या बाजूला पोत्यावर बसून रोज बघायची. तिचं हसू थेट मशीनपर्यंत ऐकू यायचं, आणि तेवढ्याने तातेराव दिवसभराचा शीण विसरायचे. काय दिवस होते ते.

मोबाइलवर डॉक्टर साबणावरून घसरला, पाय मोडून बसला. कंपाउंडरने घाईघाईत प्लास्टर घातलं, तेही धडधाकट पायाला.

द्वारकाबाईंचे ओठ हलले. "उ... उलटं."

तातेराव ताडकन उठून उभे राहिले.

"उलटं लावलं. आधी... पलास्तर. पाय... मंग मोडतो."

"आजी, पाय मोडायच्या आधी प्लास्टर कसं घालतील?" वैष्णवी म्हणाली.

तातेरावांना सगळं ठाऊक होतं. पहिल्याच खेळाला रिळांच्या दोन डब्यांची झाकणं अदलाबदल झाली आणि पाचवं रीळ चौथ्याच्या आधी लागलं. प्लास्टरवाला डॉक्टर आधी पळाला, पाय त्याचा मागून मोडला. लोक पोट धरधरून हसले, म्हणून पुढे त्यांनी तसंच चालू ठेवलं. बायकोला मात्र कधी सांगितलं नाही. ती गावभर सांगायची, आमच्या मालकाच्या हातून कधी रीळ चुकलं न्हाई.

आता चूक कबूल केली, तर वाद तिथेच मिटणार. आणि वाद मिटला की ही पुन्हा गप्प.

"पोरगी बराबर बोलून राहिली," ते म्हणाले. "तूच इसरलीस. म्हातारी झालीस."

द्वारकाबाईंचे डोळे मोठे झाले. डावा हात गादीवर आपटला. "मी इसरले? तुमी... तुमी म्हातारे. मशीनवर... डुलक्या काढत व्हते. मी रोज पाहिला. रोज."

वैष्णवी पुरावा म्हणून मोबाइल पुढे करायला लागली. तातेरावांनी तो तिच्या हातातून घेतला आणि उशीशेजारी पालथा घातला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मंग सांग की," ते म्हणाले. "मला तर काईच याद न्हाई."

"आधी पलास्तर. मंग... पळतो."

"आन मंग?"

"मंग काय," द्वारकाबाई म्हणाल्या, "पडतो की." आणि तोंडाची जी बाजू हसू शकत होती, ती हसली.