उरलेली क्लिप

“दादा, ही क्लिप मंधातच तुटून राहिली,” तृप्ती म्हणाली.

“तेवढीच हाये. पुढं काई नाही,” वैभव म्हणाला आणि तिच्याकडे न पाहताच पंगतीच्या तयारीला निघून गेला.

बापूजींची तेरवी होती, तेराव्या दिवसाचा विधी. पांढुर्ण्याच्या मंगल कार्यालयात सोयरे जमले होते. वडिलांच्या फोटोंच्या स्लाइड्स वैभवनेच बनवल्या होत्या. शेतकरी गटाच्या बैठकांसाठी तो एवढं शिकला होता. लॅपटॉप चालवायचं काम मात्र तृप्तीकडे आलं. सौंसरच्या शाळेत ती संगणक शिकवते.

शेवटच्या स्लाइडवर व्हिडिओ होता. बापूजी बागेत बसून कलम करत होते, जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याच्या फांदीचा डोळा पट्टीने बांधत होते आणि मोबाईल धरलेल्या वैभवला समजावत होते, “डोळा दुसऱ्या झाडाचा असते. पण एकदा का जुळला...” इथे चित्र थांबायचं. बोलते बापूजी घरात एवढेच उरले होते, आणि तेही अर्धे.

तृप्तीने व्हिडिओ कापायची, ट्रिमची चौकट उघडली. शेवट दाखवणारी लाल खूण पार मध्ये आणून ठेवलेली होती. कापलं म्हणजे गेलं, असं दादाला वाटलं असणार. पण स्लाइडमधला कापलेला भाग जात नाही, नुसता झाकला जातो. पुढे बराच व्हिडिओ होता.

म्हणजे दादा चक्क खोटं बोलला होता.

तिचं मन कडू झालं. मागच्या आठवड्यात तिने बागेतल्या आपल्या वाट्याचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, “तेरवी होऊ दे, मंग बोलू.” तिला बाग नको होती असं नाही. पण त्याहून जास्त, बापूजींनी आपलं नाव घेतलेलं तिला हवं होतं. लग्न झालं की पोरगी परकी, असं कोणी बोललं की बापूजी भांडायला उठत. त्यांच्या तोंडचं ते नाव दादाने कापलं, याची तिला खात्रीच पटली.

एकटीने ऐकून काय फायदा? उद्या दादा कानावर हात ठेवेल. होऊ दे सगळ्यांसमोरच. तिने लाल खूण शेवटपर्यंत ओढली.

स्लाइड्स सुरू झाल्या. आई, प्रेमलताबाई, पुढे बसून पदराने डोळे पुसत होती. शेवटची स्लाइड आली, तसा तृप्तीने आवाज वाढवला.

“डोळा दुसऱ्या झाडाचा असते. पण एकदा का जुळला,” बापूजी म्हणाले आणि या वेळी थांबले नाहीत, “का मंग झाड त्याले आपलंच समजते.”

वैभव हातातली बादली टाकून धावत आला. “तृप्ती, बंद कर! पाया पडतो तुह्या!”

“काहून? बापूजी बोलून राहिले ना. आयकू दे सगळ्याइले.” तिने लॅपटॉपवर आडवा हात धरला.

आई उठून उभी राहिली होती. पडद्यावर बापूजींनी पट्टी आवळली आणि मान वर केली.

“अर्धी बाग तृप्तीले देतो म्हणून राहिला तू, बेस केलं. पण वैभव, तृप्ती आपल्या पोटची नाही, हे तिले कधी समजू देजो नोको.”