कोरी बाजू

म्हातारबाबांनी डिजरीडूवरच्या पांढऱ्या रेषा हात न लावता बराच वेळ निरखल्या. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं हे जुनं फुंकवाद्य नेमकं कुठल्या वस्तीतलं, एवढंच विचारायला आमच्या संग्रहालयाने या वृद्ध आदिवासी गृहस्थांना बोलावलं होतं.

"आमच्याच वस्तीतलं. रेषा माझ्या आजोबांच्या आहेत," ते म्हणाले. मी खूश होऊन पाटीवर वस्तीचं नाव लिहायला घेतलं.

मग त्यांनी वाद्य फिरवलं. मागची बाजू कोरी होती.

"आजोबा अर्धवट काम कुणाला देत नसत. तुमच्या वहीत काय लिहिलंय?"

"पोलीस अधिकाऱ्याला मिळालेली भेट." मी तारीखही वाचून दाखवली.

"त्या दिवशी पोलिसांनी नदीकाठी आमची अकरा माणसं मारली. आजोबा तिथेच हे रंगवत बसले होते."

त्यांनी वाद्य काचेच्या पेटीत ठेवलं, कोरी बाजू वर करून.

"लोकांना हीच दाखवा."