थोरल्यांची यादी

मशिदीचे इमाम मालम झुबैरू आणि चर्चचे पास्टर इशाया एकाच मोटारसायकलवरून उतरले, ते हाजिया लादींनी खिडकीतूनच पाहिलं. हाजिया तालुक्याच्या आरोग्य अधिकारी. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ही जोडी एकत्र आली म्हणजे काम साधं नसणार.

"लस नको म्हणून आला असाल तर आल्या पावली परत जा," त्या म्हणाल्या. "तुमची उंगुवार कुका वस्ती जिल्ह्यात पहिली आलीय. यादीत एकशे तीस पोरं, एकशे तिसांना गोवराची लस. शंभर टक्के. ते बघा, प्रमाणपत्र."

"लस नको म्हणून नाही, कमी पडली म्हणून आलोय," मालम म्हणाले. "आणखी चाळीस पोरांची हवी. शनिवारी तुमची गाडी पुढच्या जिल्ह्यात जाणार. त्याच्या आत."

हाजियांना हसू आलं. पोरं कशाला टोचता म्हणून भांडणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. कशाला टोचली नाहीत म्हणून भांडणारे पहिलेच.

"चाळीस पोरं काय आभाळातून पडली?"

"जन्माच्या सातव्या दिवशी बकरा कापून, मानाची कोलाची फळं वाटून मी त्यांना नावं दिलीत." मालमनी जाड पुठ्ठ्याची बारशांची वही टेबलावर ठेवली. "एकतीस माझी. नऊ यांच्या चर्चमधली, तीही इथंच लिहून घेतलीत."

"त्यातल्या दोघांना परवा गोवर निघाला," पास्टर म्हणाले. "डोळे चिकटलेत बिचाऱ्यांचे. तुमच्या यादीत दोघंही नाहीत. तेव्हा शंभर टक्क्यांच्या बाहेर आजारी पडलीत म्हणायची."

हाजियांचं हसू गेलं. "मग आयांनी सांगितलं का नाही? आमच्या मुली घरोघर फिरल्या, हातात टॅब घेऊन."

"फिरल्या ना. चांगल्या मुली, पण दूरच्या, लेगोसकडच्या. दारात उभं राहून विचारलं, बाळाचं नाव काय. आईनं मान खाली घातली. नाव भरल्याशिवाय त्या यंत्राचं पुढचं पान उघडत नाही म्हणे. मुली पुढच्या दारी गेल्या."

"नाव सांगायला काय झालं होतं?"

मालम वही सरळ करू लागले. पास्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "यांचा स्वतःचा नातू त्या एकतिसांत आहे. दहा महिन्यांचा. हे काही सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगतो."

"ते राहू दे, इशाया." मालम हाजियांकडे वळले. "हाजिया, तुम्हाला मुलं किती?"

"चार."

"नावं?"

"आता हे काय मध्येच? हफ्सतू, नुरा, लुबाबा."

"तीन झाली."

हाजियांनी टेबलावरचा शिक्का उगाच इकडचा तिकडे ठेवला. कोपऱ्यातला कारकून लिहायचं थांबवून पंख्याकडे बघू लागला. वीज सकाळपासून नव्हती, पंखा बंदच होता.

"थोरला चौदा वर्षांचा आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "घरात आम्ही त्याला आपलं... 'तो' म्हणतो."

आम्हा हौसा लोकांत पहिल्या लेकराचं नाव आई घेत नाही. चारचौघांत त्याला धड जवळही घेत नाही. लोक म्हणतील, काय बाई निर्लज्ज, पोराचं कौतुक करत बसलीय. मशिदीत जाणारी असो की चर्चमध्ये, लाज तीच. हाजिया शहरात शिकल्या, मक्केला जाऊन आल्या, सरकारी खुर्चीवर बसल्या. पण ते नाव काही त्यांच्या तोंडून निघेना. आणि निघणारही नाही, उगाच खोटं कशाला सांगू.

"चाळीसच्या चाळीस पहिलटकरणींची आहेत," मालम हळूच म्हणाले.

हाजियांनी वही ओढून त्या नावांवरून नजर फिरवली. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की डोळ्यांना पाणी आलं.

"तो फॉर्म मीच बनवला, मालम. नावाचा रकाना पहिला, तोही मीच घातला."

त्यांनी जिल्ह्याला फोन लावला. पलीकडून कोणीतरी पहिल्या नंबराचं काय म्हणून विचारलं असावं. "जाऊ दे तो नंबर," हाजिया म्हणाल्या. "मला चाळीस मात्रा पाठवा, नाहीतर उद्या या दोघांना तुमच्याच दारात आणून बसवते." फोन ठेवून त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: शुक्रवारी, नमाजानंतर, वस्तीतल्या कडुलिंबाखाली.

"आणि नावं कोण सांगणार?" कारकुनानं विचारलं.

"आम्ही दोघं वाचून दाखवू," पास्टर म्हणाले. "आयांनी नुसतं रांगेत उभं राहायचं."

हाजियांनी कागदावर शिक्का मारला. मालमना फार बरं वाटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. वही घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

हाजियांनी ती दिली नाही. त्या मागची पानं उलटू लागल्या. त्यांचं सासर उंगुवार कुकाचंच. एक एक वर्ष मागे जात त्या चौदा वर्षांपूर्वीच्या पानापाशी थांबल्या. त्यांचं बोट एका ओळीवरून सावकाश फिरलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पास्टर काहीतरी बोलणार होते. मालमनी त्यांच्या पायावर पाय दिला आणि स्वतः खिडकीबाहेरच्या मोटारसायकलकडे बघत राहिले.

हाजियांनी वही मिटली, ओढणीनं तिचा पुठ्ठा पुसला आणि पुढे केली.

"अक्षर छान आहे तुमचं, मालम," त्या म्हणाल्या.