जेवलीस का?

कार्टूनच्या शनिवारच्या भागात शलाकाने शहरात शिरलेल्या एका परक्याला टेकडीवरून खाली फेकलं आणि शहर वाचलं. पण असं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण स्टुडिओत अजून गुरुवार होता आणि शलाका फेकायला तयार नव्हती.

हल्ली कार्टूनमधली माणसं स्वतःच विचार करतात, त्यामुळे दिग्दर्शकांना त्यांची समजूत घालत बसावं लागतं.

“अगं, तो लबाड आहे,” वैजयंतीताई पडद्याशी तोंड नेऊन म्हणाल्या. “दिव्यांचा मिस्त्री म्हणून आला आणि अख्ख्या शहराची वीज पळवतोय.”

“माहितीये, ताई. पण त्याने मला ‘जेवलीस का?’ असं विचारलं.”

चार वर्षांत शलाकाने हे शहर दोनशे वेळा वाचवलं होतं. लोक टाळ्या वाजवून आपापल्या घरी जात आणि ती पुढच्या संकटापर्यंत पाण्याच्या टाकीवर बसून राही. जेवणाचं कुणी कधी काढलंच नव्हतं. त्या प्रश्नाने ती इतकी गोंधळली, की ‘हो, आत्ताच’ असं धडधडीत खोटं बोलून गेली.

“बावळट! ते वाक्य मीच त्याला दिलंय, तुला भुलवायला.”

“म्हणजे तुम्हाला सुचलं होतं,” शलाका हळूच म्हणाली. “मग चार वर्षं तुम्हीच का नाही विचारलंत?”

ताईंनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात पडद्यावर शलाकाचा अर्ज उमटला:

‘महोदया, शनिवारची लढाई अर्धा तास पुढे ढकलून अर्जदारास सदर खलनायकासोबत पिठलं-भाकरी खाण्याची परवानगी मिळावी. अर्जदारास चित्रात अद्याप पोट काढून देण्यात आलेले नाही, तरी तेही जेवणापूर्वी काढून मिळावे, ही नम्र विनंती.’