पाच एकोणसाठ

कीर्तनकार बाबांनी सहा वर्षांचा अबोला मोडून अमेरिकेतल्या थोरल्या मुलाला पत्र लिहायला सांगितलं होतं: ‘ये.’ धाकट्या जागेश्वरने ते घरच्या कॉम्प्युटरवर लिहिलं. सहाला यंत्राने आपोआप मुंबईच्या ई-मेल केंद्राला फोन लावून ते पाठवावं, असं वेळापत्रक लावलं. तिथे अमेरिकेची डाक फक्त शनिवारी, सहा ते साडेसहा घेत; आज शनिवार होता. आज हुकलं आणि आठ दिवसांत बाबांचं मन फिरलं तर? इतवारीच्या देवळात झांज वाजवताना त्याची नजर घड्याळावरच. सहा वाजले. बाबांनीही पाहिलं, हसून गजर धरला. मागून माय पुटपुटली, "घरचा मेन स्विच बंद करून आली गा, सारेच कीर्तनाले आलो." "काहून वं माय!" झांज टाकून तो बाबांच्या डोळ्यांदेखत घराकडे धावला. मेन चालू होताच वेळ विसरलेल्या कॉम्प्युटरने विचारलं, किती वाजले? सव्वासहा झाले होते. त्याने पाच एकोणसाठ लिहिलं. मिनिटभराने फोन लागला. एरवी चटकन आटपणारा बाबांचा गजर देवळाच्या लाउडस्पीकरवर अजून चालूच होता.