राखीव माणूस

रुग्णालयाचा मुख्य सर्व्हर बंद पडलाच, तर राखीव सर्व्हरने दोन मिनिटांत काम हाती घ्यावं, अशी सगळी व्यवस्था डेटाबेसवाल्या साहेबांनी एकहाती उभी केली होती. ती पुरी होताच संचालक मॅडमनी एक नवी इंजिनिअर आणून त्यांच्यासमोर उभी केली. "हिला सगळं शिकवा," म्हणाल्या.

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

नवी बाई एकूण एक गोष्ट वहीत टिपून घ्यायची. मॅडम तिला आडून विचारायच्या, "अजून किती राहिलंय?" आणि साहेब दिसले की दोघी गप्प. आपल्याला नारळ द्यायची तयारी चाललीय, हे साहेबांनी ओळखलं. त्यांनी शेवटची एक पायरी पोटातच ठेवली.

चाचणीच्या दिवशी मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद केला. बाईने वहीबरहुकूम सगळं केलं, तरी राखीव सर्व्हर ढिम्म. तिला चांगला घाम फुटू दिल्यावर साहेब पुढे सरसावले, दोन ओळी टाइप केल्या, आणि सगळं सुरळीत सुरू झालं.

"बघितलंत मॅडम? माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही."

मॅडमनी बाईच्या हातातली वही मिटली.



"मग तुमच्या मिसेसना काय सांगू मी? तुम्हाला रजा मिळेना म्हणून दोनदा स्वतःचं ऑपरेशन पुढे ढकललं त्यांनी; 'ह्यांना कळू देऊ नका, पण ह्यांच्या जागी कुणाला तरी तयार करा' म्हणून हात जोडून गेल्या होत्या."